विमानतळाच्या कुंपणाबाहेरचा धोका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विमानतळावरच्या रांगा, पाण्याच्या बाटल्या काढून घेणं, बूट-पट्टा काढायला लावणं यावर आपल्या पेपरात पत्रं येत असतात, पण ज्या धोक्याला ही सगळी तपासणी शिवतसुद्धा नाही त्यावर कोणी लिहिताना दिसत नाही म्हणून हे लिहितोय. खांद्यावर ठेवून डागायचं मिसाईल. जुनं रशियन स्ट्रेला घ्या, साधारण दीड मीटरची नळी, वजन पंधरा किलोच्या आसपास, एकटा माणूस उचलतो, आणि ते इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत जातं. विमान एकदा दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पोचलं की त्याच्या टप्प्याबाहेर, म्हणजे खरा धोका टेकऑफ आणि लँडिंगच्या त्या काही मिनिटांचा. डागणारा माणूस विमानतळात पाऊलच टाकत नाही, मग त्याला आतला स्कॅनर काय करणार?

हे कुठेतरी लांब रशिया-अमेरिकेच्या युद्धातलं प्रकरण आहे असं वाटत असेल तर आपल्या शेजारचं बघा. 29 सप्टेंबर 1998, श्रीलंका. जाफनाजवळच्या पलाली विमानतळावरून लायनएअर या तिथल्या कंपनीचं अँटोनोव्ह-24 प्रवासी विमान कोलंबोकडे निघालं, 48 प्रवासी आणि 7 कर्मचारी, आणि दहाएक मिनिटांत रडारवरून गायब. प्रवासी बहुतेक सगळे साधे तमिळ लोक, युद्धामुळे जमिनीवरचा रस्ता बंद म्हणून विमानाने जाणारे. एलटीटीईने, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या बंडखोरांनी, कंपनीला आधी धमकी दिलेली होती. ज्या लोकांसाठी लढतो म्हणायचे त्यांचंच विमान असल्या मिसाईलने पाडलं, याला काय म्हणायचं मला खरंच कळत नाही. अवशेष सापडले थेट 2012 मध्ये, इरणैतीवू बेटाजवळ समुद्राच्या तळाशी, आणि जानेवारी 2014 मध्ये पाण्यातून काढलेले कपडे आणि वस्तू जाफन्यात लोकांना बघायला ठेवल्या, कोणाला आपल्या माणसाचा शर्ट किंवा साडी ओळखू येते का ते बघायला. पंधरा वर्षं वाट बघून त्या घरच्यांच्या हाती एवढंच. आपल्याकडे मुंबईत किती जणांना ही घटना आठवते? आता त्याच पलालीला चेन्नईहून आपली विमानं गेली आहेत, 2019 पासून.

दुसरी घटना केनियातल्या मोंबासाची, 28 नोव्हेंबर 2002. इस्रायलच्या आर्किया कंपनीचं बोईंग 757, आत 271 माणसं, टेकऑफ घेतल्या घेतल्या दोन स्ट्रेला सोडली आणि दोन्ही चुकली. नशीब म्हणून सोडून देता आलं असतं, पण पुढचं महत्त्वाचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तपासात निघालं की ही मिसाईलं येमेनमधून सोमालियामार्गे केनियात आली होती. म्हणजे कारखान्यात रीतसर बनलेली वस्तू, मधे युद्ध झालं, राज्य कोसळलं, कोठारं फुटली, आणि नळी हातोहात फिरत एका प्रवासी विमानाखाली येऊन उभी राहिली. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. मिसाईल डागणारा शेवटी येतो, त्याच्या आधीची साखळी आपण बघतच नाही.

लिबियात 2011 ला गद्दाफी पडला तेव्हा अमेरिकेचाच अंदाज होता की त्याच्याकडे असली वीसेक हजार मिसाईलं होती. अफगाण मुजाहिदीनांना अमेरिकेने ऐंशीच्या दशकात स्टिंगर नावाची आपली अशीच मिसाईलं वाटली आणि नंतर स्वतःच पैसे मोजून परत विकत घेत बसले, तरी सगळी काही मिळाली नाहीत. असल्या मिसाईलची किंमत आपणही कारगिलमध्ये मोजलीय. 28 मे 1999 ला आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर खांद्यावरच्या मिसाईलनेच पडलं, चौघे गेले, आणि त्या हेलिकॉप्टरवर मिसाईलला चकवणारे फ्लेअर्स बसवलेले नव्हते.

मग लोक म्हणतात की प्रत्येक विमानावर तसली यंत्रणा बसवा ना. पंतप्रधान-राष्ट्रपतींच्या दोन बोईंग 777 वर आहे, इस्रायलने आपल्या प्रवासी विमानांवर बसवली, पण अमेरिकेने मोंबासानंतर प्रवासी आणि मालवाहू विमानांवर चाचण्या करूनही सक्ती केली नाही, कारण खर्च प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलरच्या घरात आणि वर देखभाल वेगळी. आपल्याकडच्या शेकडो विमानांवर हे बसवायचं तर तिकिटाचं काय होईल? मी त्या मागणीच्या बाजूने नाही. वैमानिकांच्या ट्रेनिंगवर मात्र खर्च करावा. बगदादला 22 नोव्हेंबर 2003 ला डीएचएलच्या ए-300 मालवाहू विमानाच्या डाव्या पंखाला मिसाईल लागलं, तिन्ही हायड्रॉलिक सिस्टीम गेल्या, म्हणजे स्टिअरिंगच नाही म्हणा ना, आणि विमानातल्या तिघांनी फक्त इंजिनांची ताकद कमी-जास्त करत ते परत धावपट्टीवर उतरवलं. तिघेही वाचले. प्रवासी वैमानिकांना सिम्युलेटरवर असा सराव दिलाच पाहिजे.

आणि कुंपणाबाहेरचा पहारा. फेब्रुवारी 2003 मध्ये लंडनच्या हीथ्रोला अशाच हल्ल्याच्या भीतीने साडेचारशे सैनिक आणि चिलखती गाड्या उतरवल्या होत्या. पण असा बंदोबस्त किती दिवस ठेवणार? विमानाच्या वाटेखाली राहणाऱ्या लोकांना, रिक्षावाल्यांना, टपरीवाल्यांना, सोसायटीच्या वॉचमनला असली नळी कशी दिसते आणि दिसली तर कोणाला फोन करायचा हे कोणी सांगितलंय का? मी स्वतः घाटकोपरला राहतो, विमानं डोक्यावरून इतकी खाली जातात की चाकं दिसतात, आणि आमच्याकडे आजपर्यंत कोणीही येऊन हे सांगितलेलं नाही. पोलिसांनी मोहल्ला कमिटीत एक संध्याकाळ दिली तरी खूप झालं.

आमच्या खासदारांना विनंती आहे की त्यांनी हे तीन प्रश्न लोकसभेत लेखी विचारावेत. आपल्या फौजांकडच्या प्रत्येक नळीची नंबरासकट मोजणी दरवर्षी होते का, विमानतळाभोवतीच्या वस्त्यांसाठी काही योजना आहे का, आणि आजूबाजूच्या देशांत लढाई थांबली की अशा शस्त्रांची मोजदाद करा असा आग्रह भारत धरतो का. उत्तर आलं तर ते आपल्या पेपरात पूर्ण छापावं, नाही आलं तर तेही छापावं.

आपला,
एक नियमित वाचक, घाटकोपर