तुळशीच्या लग्नाआधी संडासाची टाकी बघून घ्या

ती. आप्पा व सौ. आईस शि. सा. नमस्कार.

माझी तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतं. आईने थंडीची काळजी सोडावी, जाड कोट घेतलाय.

आप्पा, तुम्ही म्हणालात, अकरा वर्षांत टाकीने त्रास दिला नाही, मग उघडायची कशाला? आप्पा, त्रास दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गाळ साचला की पाण्याला टाकीत थांबायला जागा उरत नाही, बारीक गाळ पुढे जाऊन शोषखड्डा, म्हणजे टाकीतून आलेलं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा, बुजवतो. टाकी उपसता येते, बुजलेला खड्डा नवाच काढावा लागतो. त्यात सुमीच्या लग्नाचे पाहुणे चार दिवस घरात असणार.

इथली एक रीत तुम्हाला पटणार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये घर विकायचं तर आधी संडासाची टाकी तपासून घ्यावी लागते. 1995 पासून तसा नियम आहे, त्याला ‘टायटल फाइव्ह’ म्हणतात. विक्रीआधीच्या 2 वर्षांतला अहवाल चालतो, दरवर्षी उपसल्याच्या पावत्या असतील तर 3 वर्षांतला. बर्फामुळे जमीन उकरता येत नसेल तर विक्रीनंतर 6 महिन्यांची सवलत. अहवाल गावच्या आरोग्य मंडळाकडे जातो. घर बघायला आलेला माणूस अंगणात झाकण कुठे आहे ते विचारतो! आपल्याला असली सक्ती नाही, पण परसात पिण्याची विहीर आहे. शोषखड्डा तिच्यापासून निदान 18 मीटर हवा. दादाला टेप धरून मोजायला सांगा.

खानापूरचा पाऊस पुरता उघडल्यावरच काम काढा. जमिनीत पाणी भरलेलं असताना टाकी रिकामी केली तर बाहेरचं पाणी भिंतींना दाबतं.

आधी मोजायचं, मग उपसायचं. गवंड्याने फरशी सरकवून टाकी दोन-तीन तास उघडी ठेवावी. जवळ विडी-काडी नको, आत वाकून बघायचं नाही, जुन्या स्लॅबवर उभं राहायचं नाही. आठ फुटी बांबूच्या खालच्या तीन फुटांना पांढरा जुना पंचा सुतळीने घट्ट बांधावा. बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळ तो तळापर्यंत हळू सोडावा, थोडा वेळ धरून सरळ वर काढावा. पंच्यावर जिथवर काळे कण चिकटलेत तिथवर गाळ. पाण्यावर तरंगणाऱ्या घाणीच्या सायीची जाडी वेगळी मोजावी. आपल्या टाकीत पाणी 5 फूट, म्हणजे 60 इंच. गाळ आणि साय मिळून 20 इंच भरले की उपसायची वेळ झाली.

पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी हवी. खाली असेल तर टाकी गळते, वर असेल तर पुढे तुंबलंय. उपसताना शोषखड्ड्याकडून पाणी उलटं आलं तर खड्डा भरलाय. टी-पाइप, म्हणजे टाकीच्या आत तोंडाशी बसवलेला टी आकाराचा पाइप, तुटलाय का आणि हवेच्या पाइपाची जाळी शाबूत आहे का, तेही बघा. थोडा गाळ तळाला राहू द्या, त्यातले जंतू लागतात. जंतूंची पावडर कुणी विकायला आला तर घेऊ नका.

टाकीत माणूस उतरवायचा नाही, काही पडलं तरी नाही, रिकामी झाली तरी नाही. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि आतल्या गॅसने क्षणात माणूस जातो.

18,000 रुपये दादाच्या खात्यावर टाकलेत. गवंडी व मदतनिसाला 1,800, मैला ओढून घेणाऱ्या सक्शन गाडीला 4,000, टी-पाइप, जाळी, नवं झाकण यांना 3,200 धरलेत. उरलेले 9,000 शोषखड्ड्यासाठी, तिथे गरज लागली नाही तरच दुसरीकडे वापरा. गाडीवाल्याला टाकी किती लिटरची आणि रस्त्यापासून किती लांब ते आधीच सांगा, नाहीतर पाइप पुरत नाही आणि दुसरी खेप लागते.

हे लग्नाच्या पैशातले नाहीत. ते पुढच्या महिन्यात पाठवतो, मी ओढाताणीत आहे असं आईने मनात आणू नये. रजा दहाच दिवसांची मिळाली. हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. आमंत्रणं आणि मांडव सगळं तुमच्याच अंगावर पडतंय, हे मला कळतं. बिडी गावच्या स्थळाला नाही म्हणू नका, आल्यावर बोलू.

आप्पांनी झाकण स्वतः उचलू नये. दोन गडी लावा.

तुमचा,
बाळू