यादी तुमच्याकडेच आहे, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
माजी सैनिक व्यवहार विभाग,
ऑस्ट्रेलिया सरकार, कॅनबेरा

विषय : हिवतापाच्या औषधांच्या चाचण्यांत सामील झालेल्या सैनिकांची घरी जाऊन चौकशी करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी तुमचा नागरिक नाही, मतदारही नाही. मुलीकडे ब्रिस्बेनला येऊन-जाऊन असतो. मूळचा सातारा जिल्ह्यातला, आणि नोकरी झाली गडचिरोलीत, हिवताप विभागात. घरोघरी फिरून "कुणाला ताप येऊन गेला का?" असं विचारायचं, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि रोगी निघाला तर गोळी आपल्यासमोर गिळायला लावायची, हे माझं काम. मुलीच्या घरापासून एनोगेराची लष्करी छावणी लांब नाही. तुमच्या सैन्याची हिवताप संशोधन संस्था तिथंच आहे. आयुष्यभर हाच रोग पाहिलेल्या माणसाला तिच्याविषयी कुतूहल वाटणारच. वाचत गेलो आणि एका साध्या शिपायापाशी येऊन अडकलो. त्याच्यासाठी हे पत्र.

हा शिपाई पहिल्यांदा भेटतो १९४२ साली, मिल्न बेला. न्यू गिनीच्या पूर्व टोकाचा हा उपसागर म्हणजे पाऊस, चिखल आणि डास. तिथं आधी पोचलेल्या सातव्या ब्रिगेडमधली पोरं इथलीच, क्वीन्सलँडची, मिलिशियातली, म्हणजे देशाच्या रक्षणासाठी उभारलेल्या राखीव दलातली. स्वेच्छेनं परदेशी लढायला गेलेले फौजी त्यांना 'चॉकलेट सोल्जर' म्हणून हिणवायचे. उन्हात वितळणारे, अशा अर्थानं. ही पोरं अर्ध्या चड्ड्या आणि दुमडलेल्या बाह्या घालून हिवतापाच्या मुलखात उतरली. कित्येकांच्या मच्छरदाण्या जहाजाच्या तळाशी अडकलेल्या, त्या बाहेर काढायला काही दिवस लागले. अंगाला लावायचं मलम कुचकामी. क्विनीनचा तुटवडा, कारण जगातलं बहुतेक क्विनीन जावा बेटावरच्या सिंकोनाच्या मळ्यांतून यायचं आणि जावा त्याच वर्षी मार्चमध्ये जपानच्या हाती पडलं होतं. त्यात वरून सूचना अशी की पोचल्यानंतर पहिला आठवडा क्विनीन घ्यायचं नाही. आठवडाभरात डासांनी आपलं काम उरकलं होतं.

तिथं उतरलेले जपानी सप्टेंबरमध्ये हरून माघारी गेले. या विजयाबद्दल तुमच्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं लक्ष दुसऱ्या आकड्यावर गेलं. त्याच सप्टेंबरमध्ये मिल्न बेला हजार सैनिकांमागे आठवड्याला ३३ जणांना हिवताप होत होता. डिसेंबरमध्ये ८२ जणांना. वर्षाचा हिशोब मांडला तर एकेका माणसाला चारपेक्षा जास्त वेळा! असा आकडा मी कधी वरच्या कार्यालयाला कळवला असता, तर साहेबांनी "बेरीज तपासा" असा शेरा मारून कागद परत पाठवला असता.

यातून मार्ग काढणाऱ्यांत अग्रभागी होते ब्रिगेडियर नील हॅमिल्टन फेअरली. हे नाव मुंबईला अगदीच परकं नाही. १९२२ साली तरुण डॉक्टर म्हणून ते मुंबईत आले, तिथं त्यांनी नारू आणि स्प्रू, म्हणजे संग्रहणीच्या जातीचा एक चिवट आजार, यांचा अभ्यास केला. पुढं तोच स्प्रू त्यांना स्वतःला जडला आणि मुंबई सोडावी लागली. रोगावर काम करणाऱ्याला रोगानं गाठणं आमच्या खात्यात नवलाचं नाही, पण हा माणूस सेनापतींशी वाद घालताना आजारी माणसाची बाजू आतून ओळखून होता, असं मला वाटतं.

१९४३ मध्ये फेअरलींच्या आग्रहानं क्वीन्सलँडमधल्या केर्न्सला लष्कराचं वैद्यकीय संशोधन पथक उभं राहिलं. तीन वर्षांत तिथं आठशेच्या वर स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, आणि हे स्वयंसेवक म्हणजे तुमचेच साधे शिपाई. हिवतापाचे जंतू असलेले डास मुद्दाम त्यांना चावू द्यायचे, मग औषध द्यायचं, आणि लढाईत होते तशी दमछाक व्हावी म्हणून त्यांच्याकडून लाकडं फोडून घ्यायची, प्रवाहाविरुद्ध पोहायला लावायचं, डोंगर चढवायचे, गारठवणाऱ्या खोलीत बसवायचं. कधी निरोगी माणसाला दुसऱ्याचं रक्त चढवून बघायचं, त्यात जंतू लपलेत का. आजच्या नीतीच्या चौकटीत यातलं किती बसेल, मला शंका आहे. पण नोंदी मात्र अशा चोख ठेवलेल्या की वाचताना हेवा वाटतो. कुणाला किती डास चावले, कितव्या दिवशी ताप आला, रक्तात औषध किती होतं, सगळं लिहिलेलं.

निष्कर्ष निघाला की ॲटेब्रिनची, म्हणजे क्विनीनऐवजी वापरायच्या कृत्रिम औषधाची, १०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज न चुकता घेतली तर हिवताप दबून राहतो. जून १९४४ मध्ये क्वीन्सलँडमधल्याच ॲथर्टनला बैठक घेऊन हे सेनाधिकाऱ्यांना पटवण्यात आलं. गोळी पोटात गेली की नाही, याची जबाबदारी थेट तुकडीच्या अधिकाऱ्यावर आली. गोळीनं कातडी पिवळी पडायची. पुरुषत्व जातं अशीही आवई उठली होती. (गोळीबद्दलची ही आवई मी गडचिरोलीतही ऐकली, गोळी वेगळी होती इतकंच.) तरी शिपाई गोळी घेत राहिले. डिसेंबर १९४३ मध्ये वर्षाला हजारी ७४० असलेलं हिवतापाचं प्रमाण नोव्हेंबर १९४४ मध्ये २६ वर आलं. जपानी फौजेला हे जमलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. १९४५ मध्ये सहावी डिव्हिजन न्यू गिनीतल्या ऐटापे-वेवाकच्या किनाऱ्यावर लढत असताना हिवताप पुन्हा भडकला. त्या मोहिमेत ४४२ जण लढताना मारले गेले आणि आजारी म्हणून नोंदले गेले १६,२०३. आजारी पडलेले शिपाई सांगत होते की आम्ही गोळ्या घेतोय. वरिष्ठांचा विश्वास बसेना. शिस्त ढिली पडली, पोरं गोळ्या थुंकतात, असा ठपका आला. हा ठपका माझ्या ओळखीचा आहे. आकडा वाढला की आमच्याकडेही पहिलं वाक्य हेच असायचं, "लोक गोळ्या घेतच नाहीत." फेअरलींनी ठपक्यावर समाधान मानलं नाही. तिथल्या रुग्णांमधला जंतू केर्न्सला नेला, स्वयंसेवकांना नजरेखाली रोज गोळी दिली, आणि तरीही ताप आला. त्या भागातला जंतूच ॲटेब्रिनला दाद देत नव्हता. शिपाई खरं बोलत होते.

तुमच्या संसदेनं १९४३ साली, म्हणजे केर्न्सचं पथक निघालं त्याच वर्षी, माजी सैनिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून पुराव्याचा भार सरकारवर टाकला. आजार सेवेमुळं झाला नाही असं म्हणायचं असेल तर ते सरकारनं दाखवावं. भर युद्धात, तिजोरी रिकामी होत असताना केलेला हा कायदा आहे. मी त्याला सलाम करतो.

मग साठ वर्षांनी काय झालं?

सप्टेंबर १९९९ पासून तुमचं सैन्य पूर्व तिमोरमध्ये होतं. तिथंही हिवताप. ऑक्टोबर २००० ते एप्रिल २००१ या काळात तिथं तैनात असलेल्या एका बटालियनमधल्या ६५४ सैनिकांवर दोन औषधांची तुलना झाली. ४९२ जणांना टाफेनोक्विन हे तेव्हाचं नवं औषध, १६२ जणांना मेफ्लोक्विन हे आधीपासून वापरातलं औषध. मेफ्लोक्विनची आणखी एक मोठी चाचणी पुढच्या तुकड्यांत झाली, त्यात हजाराच्या वर लोक होते. औषधं लागू पडली हे कबूल केलं पाहिजे. पहिल्या चाचणीतल्या एकालाही तैनातीत असताना हिवताप झाला नाही. टाफेनोक्विन घेणाऱ्यांपैकी ज्यांचे डोळे खास तपासले, त्यांतल्या बहुतेकांच्या बुबुळाच्या पडद्यावर थर दिसला. तो वर्षभरात गेल्याचं शोधनिबंधात नोंदवलंय.

त्यानंतर काही वर्षांनी यातले काही जण सांगू लागले की झोप उडालीये, भोवळ येते, कानात आवाज येतात, राग आवरत नाही, डोकं पूर्वीसारखं चालत नाही. जुलै २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मेफ्लोक्विनच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला की भोवळ, तोल जाणं, कानात आवाज हे त्रास औषध थांबवल्यावरही टिकू शकतात, कायमचेही होऊ शकतात. २०१७ मध्ये, सैनिकांचे कोणते आजार कशामुळं होतात हे ठरवणाऱ्या तुमच्या वैद्यकीय प्राधिकरणानं मात्र या औषधांमुळं मेंदूला इजा होते असा स्वतंत्र आजार यादीत घ्यायला नकार दिला. पुरावा पुरेसा नाही म्हणाले. २०१८ मध्ये तुमच्या सिनेटच्या समितीनं चौकशी केली. माणसं आजारी आहेत हे मान्य केलं, पण दीर्घकाळच्या त्रासाला गोळ्याच कारणीभूत आहेत, याला उपलब्ध पुराव्याचा आधार मिळत नाही, असं मत दिलं.

गोळ्यांमुळंच हे झालं असं मी म्हणत नाही. तेवढं माझं शिक्षण नाही. हेच त्रास युद्धाच्या धसक्यानंही होतात, दारूनंही होतात, आणि एकाच माणसात तिन्ही असू शकतात. प्राधिकरणावरची तज्ज्ञ मंडळी अप्रामाणिक आहेत असंही मला वाटत नाही. माझा आक्षेप पद्धतीला आहे. १९४३ चा कायदा सैनिकाच्या बाजूनं होता, आजच्या कायद्यातही संशयाचा फायदा सैनिकालाच आहे. परंतु १९९४ पासून त्या कायद्याच्या दारात एक यादी बसलीये. कोणता आजार कोणत्या कारणानं होऊ शकतो, ते त्या यादीत ठरवून दिलंय. त्यात कारण असेल तर दार उघडतं. नसेल तर, सैनिक खरं बोलत असला तरी, तो बाहेर. ऐटापेला फेअरलींसमोर अशी यादी असती, तर ॲटेब्रिनला न जुमानणारा जंतू तिच्यात नसता, कारण तोवर तो कुणाला माहीतच नव्हता.

आमच्याकडचं फार चांगलं चाललंय असा माझा दावा नाही. २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात आमच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की भरती होताना जवान निरोगी होता असं धरायचं, आणि आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानाची नाही. त्यांना फिट्स येत म्हणून सेवेतून काढलं होतं. एवढा निकाल होऊनही माझ्या जिल्ह्यातले निवृत्त जवान अपंगत्वाच्या पेन्शनसाठी वर्षानुवर्षं न्यायाधिकरणाच्या तारखा घेतात. तेव्हा तुम्हाला शहाणपण शिकवायला आमचं सरकार पाठवणार नाही. पण हिवताप खात्याची एक रीत तुमच्या उपयोगाची आहे.

आमच्याकडे दोन प्रकारचं सर्वेक्षण असतं. एकात ताप आलेला माणूस आपण होऊन दवाखान्यात येतो. दुसऱ्यात कर्मचारी ठरल्या दिवशी दारात जातो, ताप असो नसो. पहिल्यावर विसंबलं तर जे चालू शकतात, बोलू शकतात, ज्यांच्याजवळ बसभाडं आहे, तेवढेच दिसतात. तुमचा विभाग पहिल्याच प्रकारानं चालतो. सिनेटच्या अहवालानंतर या सैनिकांच्या तपासणीसाठी तुम्ही पैसा ठेवलात, चांगलं केलंत, पण ती तपासणी ज्यानं जाऊन मागायची त्याची. ज्याला भोवळ येते, फॉर्म वाचून लक्षात राहत नाही, खात्याचा लिफाफा पाहून संताप येतो, तो मागायला येणार कसा? सैनिक आणि माजी सैनिकांच्या आत्महत्यांवर नेमलेल्या रॉयल कमिशननं सप्टेंबर २०२४ मध्ये १२२ शिफारशी केल्या. त्याआधी २०२२ च्या अंतरिम अहवालात, तुमच्या विभागात चाळीस हजारांच्या वर अर्ज पडून असल्याचं त्यांनीच बाहेर आणलं होतं. तो ढीग तुम्ही उपसला, हे मान्य. माजी सैनिकांच्या भरपाईच्या तीन कायद्यांचा गुंता सोडवून १ जुलै २०२६ पासून एकच कायदा लागू करायचं संसदेनं ठरवलं, तेही बरं झालं. मात्र सोपा झालेला अर्जसुद्धा अर्जच असतो.

या चाचण्यांतल्या लोकांच्या बाबतीत तुमचं काम आमच्यापेक्षा सोपं आहे. आम्हाला कुणाला ताप येणार हे ठाऊक नसायचं, म्हणून प्रत्येक झोपडी गाठावी लागायची. इथं कुणी कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती आठवडे घेतली, याची नोंद सैन्यानं स्वतः केलीये. माणसं काही हजारांच्या आत आहेत. त्यातले बरेच आज पन्नाशीच्या आसपास असतील.

माझी मागणी एवढीच. त्या नोंदवहीतल्या प्रत्येकाच्या घरी, त्याची हरकत नसेल तर, प्रशिक्षित परिचारिका पाठवा. अर्ज केलाय की नाही हे पाहू नका. झोप, तोल, कान, डोळे, मनःस्थिती, स्मरणशक्ती यांची ठरावीक प्रश्नावली तिच्याकडे द्या, आणि त्याच वयाच्या, त्याच मोहिमेत गेलेल्या पण फक्त डॉक्सिसायक्लिन हे हिवताप टाळायचं दुसरं औषध घेतलेल्या सैनिकांनाही तेच प्रश्न विचारायला लावा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहणार नाही. घरात बायको असेल तर तिलाही वेगळं विचारा. नवऱ्याची झोप तिला जास्त माहीत असते. दरवर्षी एकदा, किमान दहा वर्षं. जे मेले त्यांच्या मृत्यूचं कारण नोंदवा. चाचणीतली त्याची स्वतःची कागदपत्रं त्याच भेटीत त्याच्या हाती द्या, म्हणजे ती मागण्यासाठी वेगळा अर्ज नको. जमलेली माहिती दरवर्षी, नावं वगळून, छापा, आणि त्या प्राधिकरणाच्या टेबलावर ठेवा. त्यातून गोळ्या निर्दोष ठरल्या तर तेही या माणसांना कळू द्या; निदान दुसरं कारण शोधता येईल.

खर्चाचा प्रश्न येईल. एका परिचारिकेनं दिवसाला तीन घरं केली तरी मोजकी माणसं वर्षभरात हे उरकतील. आम्ही याहून अवघड मुलखात, पावसाळ्यात, सायकलवर केलंय. एनोगेरातल्या तुमच्या संस्थेजवळ ज्ञान आहे, पण ही भेट त्या संस्थेच्या माणसांनी देऊ नये, कारण चाचण्या तिनंच घेतल्या होत्या. विभागानं स्वतंत्र पथक नेमावं आणि त्याच्या देखरेखीसाठी त्या तुकड्यांतलेच दोन-तीन माजी सैनिक घ्यावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हिवताप विभागातला एक निवृत्त कर्मचारी
मुक्काम ब्रिस्बेन