मागच्या दाराला तेल घालू नकोस

अंधेरी, मुंबई
१८ जून

प्रिय बंड्या,

तुझी पटकथा परवा रात्री एका बैठकीत वाचून काढली. ९४ पानं, ११ खून. खर्चाचा कागद मात्र आज सकाळी उघडला आणि हातातला चहा गार झाला. 'रक्त व मेकअप : ३ लाख.' 'साऊंड : नंतर बघू.' अरे, गेली चौदा वर्षं मी लोकांच्या त्या 'नंतर बघू'वरच पोट भरतोय! फोनवर बोललो असतो तर तू मधेच भांडायला उठला असतास, म्हणून सरळ पत्रच लिहितोय.

आमच्याकडे इंग्रजी सिनेमे हिंदीत डब होतात, हे तुला ठाऊक आहेच. मोठ्या सिनेमाबरोबर संवाद सोडून बाकी सगळ्या आवाजांचा वेगळा ट्रॅक येतो, त्याला आम्ही एम अँड ई म्हणतो. पण अधूनमधून स्वस्तातल्या भयपटांचा गठ्ठा येतो. तोच मुखवटा, तोच सुरा, तीच जंगलातली केबिन. त्यांच्याबरोबर हा ट्रॅक एक तर नसतोच, नाहीतर अर्धामुर्धा असतो. मग पावलं, कड्या, श्वास, सगळं आम्ही इथे बसून नव्यानं करायचं.

गेल्या पावसाळ्यात असाच एक आला. मुलगी पळतेय, मागे मुखवटेवाला. फोलीच्या, म्हणजे पडद्याकडे बघून पावलांचे-दारांचे आवाज काढणाऱ्या पोराला म्हटलं, पावलं दे. तो म्हणाला, "दादा, लाकूड की फरशी?" म्हणून सीन मागे घेऊन नीट पाहिला. मुलगी जिना चढून वर जाते. पुढच्या शॉटला मागे सिमेंटच्या ओलसर भिंती, म्हणजे तळघर. तिथलं दार उघडते ती थेट अंगणात. आम्ही दोघांनी डबिंगच्या कागदामागे त्या घराचा नकाशा काढायला घेतला, चार वेळा खोडला. तीन वेगवेगळ्या ठिकाणी उरकलेलं शूटिंग होतं ते, घर कुठलं! शेवटी सगळीकडे लाकूड ठोकून दिलं आणि शेवटच्या लोकलनं घरी गेलो.

हे पिक्चर भीती का दाखवू शकत नाहीत, ते मला त्या नकाशापाशी उमगलं. ती कुठे आहे, तो कुठे आहे, मधे किती दारं आहेत, हे आपल्याला माहीत असलं तरच जीव टांगणीला लागतो. ते माहीत नसेल तर सुरा हातभर लांब असो, आपण पॉपकॉर्न खात बसतो.

आता तू म्हणशील, पैसे नसतात. तो अमेरिकन दिग्दर्शक जॉन कार्पेंटर, त्याच्याकडे तरी कुठे होते? १९७८ साली त्यानं 'हॅलोविन' हा भयपट केला तो साधारण सव्वातीन लाख डॉलरमध्ये, म्हणजे हॉलीवूडच्या मानानं चहापाण्याच्या खर्चात. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा चेहरा, पांढरा रंग मारलेला. गोष्ट इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची आणि शूटिंग कॅलिफोर्नियात, ऐन वसंतात. म्हणून पानगळ दाखवायला पानं रंगवली, आणि शॉट झाला की तीच गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा पसरली. नीट बघितलंस तर मागे एखादं ताडाचं झाडसुद्धा दिसतं. पण कोणाला दिसतं ते? आपलं लक्ष रस्त्यावर असतं. समोरासमोर दोन घरं, मधे रस्ता. नायिका लॉरी एका घरातून जीव घेऊन पळते, दुसऱ्याच्या दाराशी येते, किल्ली सापडत नाही, आतलं पोर वर झोपलेलं. आणि तो मुखवटेवाला रस्ता ओलांडतोय, चालत. धावतसुद्धा नाही रे! ते अंतर आपण आधी तासभर पाहून ठेवलेलं असतं, म्हणून त्याचं एकेक पाऊल पोटात गोळा आणतं. शेवटी तो नाहीसा होतो तेव्हा कॅमेरा फक्त रिकामा जिना, रिकाम्या खोल्या दाखवत जातो आणि वर त्याचा श्वास. रक्ताचा थेंब नाही. संगीतही कार्पेंटरनं स्वतःच केलं, पाच मात्रांचं, सारखं लंगडत पुढे येणारं.

पुढे १९८० मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ'नं साडेपाच लाख डॉलरच्या आसपास खर्च करून एकट्या अमेरिकेत चार कोटींच्या घरात गल्ला जमवला आणि सगळ्यांनी सुरा उचलला. अंतर कोणीच उचललं नाही. काहींनी तर शूटिंगचीही तसदी घेतली नाही. 'सायलेंट नाइट, डेडली नाइट'चा १९८७ चा दुसरा भाग बघ, सुरुवातीची जवळपास चाळीस मिनिटं पहिल्याच भागातली दृश्यं आठवणी म्हणून खपवली आहेत. आपल्या वेळी व्हीसीडीवाल्यानं असं केलं असतं तर आपण पैसे परत मागितले असते.

तुझ्या ११ खुनांबद्दल. आमच्याकडे किंचाळ्या सगळ्यात शेवटी रेकॉर्ड करतात, कारण एकदा गळा बसला की संवाद होत नाहीत. एका मुलीला संध्याकाळी सहाला माइकपुढे उभी केली. तिनं कोमट पाणी घेतलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, ही कोण आहे?" मी कागद चाळला. मरायच्या आधी त्या बाईला दोन वाक्यं होती, त्यातलं एक "बिअर संपली?" मी म्हटलं, कोणी नाही, तू ओरड. ती ओरडली, छान ओरडली, पण तिलाही ठाऊक होतं की ही नुसती ओरड आहे. तुझ्या पटकथेतल्या त्या पाच कॉलेजच्या पोरांपैकी चारांची नावं मला आत्ता आठवत नाहीत. पाचवी लक्षात राहिली, कारण ती आजीच्या औषधाची वेळ चुकली म्हणून बेचैन होते. ती मरू नये असं मला वाटलं. बाकीच्यांपैकी निम्मे काढून टाक, रक्ताचे दीड लाख वाचतील.

मांजराची उडी आणि त्यावर ढॅण्ण, हे पान ३१ वरचं काढ. मोबाईलला रेंज नाही हे मात्र राहू दे, तुमच्या गावाला ते कोणीही मान्य करेल.

आणि वाडा! बंड्या, तुझ्याकडे फुकटात आख्खा वाडा आहे आणि तू पान १२ वर लिहितोस 'एक जुनं घर. रात्र.' पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, त्याच्यामागे न्हाणीघर, मग मागचं दार आणि विहीर. माजघरात दिवसासुद्धा दिवा लागतो. पहिल्या वीस मिनिटांत आजीला नुसती पडवीपासून विहिरीपर्यंत चालव, एकदा उजेडात. मधली दारं मोजू दे लोकांना. मग रात्री कोणी दिसलं नाही तरी चालेल, ओटीवरची आगळ सरकल्याचा आवाज आला की थिएटरात सगळ्यांना कळेल की आता मधे दोनच दारं उरली.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतोय. रेकॉर्डर आणि दोन माइक आणतो, मानधन वगैरे काढू नकोस, काकूंच्या हातची सोलकढी पुरे. रविवारी पहाटे, रिक्षा सुरू व्हायच्या आधी, एकेक दार वेगवेगळं रेकॉर्ड करू. दादांना सांग, पावसाळा आला म्हणून मागच्या दाराच्या बिजागरीला तेल घालू नका. मागच्या दिवाळीला ते दार वाजलं होतं ते माझ्या अजून कानात आहे.

तुझा,
नंदू