जनरल रजिस्टर नंबर एक

सोलापूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद,

शताब्दीच्या स्मरणिकेतला शाळेचा इतिहास लिहायचं काम तुझ्याकडे आलं, फार आनंद झाला. जुनी भाषणं आणि मानपत्रं नंतर वाच. आधी कचेरीतून जनरल रजिस्टर नंबर एक, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदींची पहिली वही, मागून घे.

स्थापनेचं साल लिहिताना शाळा वेगळी, संस्था वेगळी. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल 1880 चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची. ही दोन सालं एक धरली की पुढची सगळी मोजणी चुकते.

इयत्ता जपून वाच. जुनी ‘इंग्रजी पहिली’ म्हणजे मराठी चौथीनंतरची, आजची पाचवी. ‘इंग्रजी सातवी’ म्हणजे मॅट्रिक. 1975 साली जुनी अकरावी आणि नवी दहावी दोन्ही एसएससीला बसल्या. त्या वर्षीचा फुगलेला आकडा बघून शाळा वाढली असं लिहू नकोस.

1 जून ही जन्मतारीख ढिगाने सापडेल. घरी तारीख ठाऊक नसली की वयात बसेल अशी ती घातली जायची. आडनावांचा घोळ त्याहून मोठा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे विणकर, घरांची तेलुगू आडनावं कारकुनाने कानावर पडली तशी लिहिलेली असतात. शिवाय सोडून गेलेला मुलगा परत आला की कधीकधी नवा नंबर. म्हणून शेवटचा नंबर म्हणजे एकूण विद्यार्थी नव्हेत. वडिलांचं नाव आणि जन्मतारीख मिळूनच जुळव.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना. सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, मे 1930 मध्ये लागला, पण मे सुट्टीचा. म्हणून पुढच्या सत्राची पानं बघ. 1942 ची आणि गिरण्या बंद पडल्या त्या वर्षांचीही. पहिले आलेल्यांची नावं फलकावर असतात, मध्येच गेलेल्यांची फक्त इथे. त्यांना स्मरणिकेत अख्खं एक प्रकरण दे.

पान उलटताना बोटाला थुंकी लावू नकोस, टिपणं पेन्सिलीनेच काढ. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, त्याचा डिंक कागदात मुरून डाग पाडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. स्कॅनरवर पालथं दाबलं की शिवण सुटते. खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, वरून फोटो काढ. ते फोटो मात्र छापू नकोस. त्यात मुलांची जात आणि जन्मतारीख असते. फक्त आकडे छाप.

तुझी,
आई