सारावाकला नाही म्हणू नकोस

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "आई, बोर्निओतल्या सारावाकला नाही म्हणून कळवते. तुझं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मी तिकडे जंगलात सहा महिने झाडं रंगवत बसू?" फोनवर मला वेळेवर उत्तर सुचत नाही, तू ओळखतेसच. म्हणून हे पत्र.

लंडनला जाऊन दीड वर्ष झालं तरी तू क्यूच्या बागेतली, जगभर हिंडून झाडं रंगवणाऱ्या मॅरिअन नॉर्थची गॅलरी पाहिली नाहीस. या रविवारी जा. तिची आई १८५५ मध्ये गेली. जाताना मुलीकडून वचन घेतलं, की वडिलांना सोडून जाणार नाहीस. तिने ते पाळलं. अगदी कैदेत होती असं नाही. वडील खासदार, हिंडायची हौस असलेले, लेकीला घेऊन इजिप्तपर्यंत गेले. पण एकटी ट्रंक भरून निघाली ती वडील वारल्यावर, १८७१ मध्ये. तेव्हा चाळिशी उलटली होती. मग मात्र चौदा वर्षं थांबली नाही: जमैका, ब्राझील, जपान, जावा, आपल्याकडे १८७७ ते १८७९, पुढे डार्विनने सुचवलं म्हणून ऑस्ट्रेलिया. पैसा घरचा होता हे खरं, कुणापुढे हात पसरावा लागला नाही. तुला निदान स्टायपेंड तरी मिळतोय.

तेव्हा झाडाचं चित्र म्हणजे पांढऱ्या कागदावर जलरंगातली एक फांदी. ही तेलरंगात झाड रंगवायची, मागच्या डोंगरासकट, पाखरांसकट. सारावाकमध्ये तिला कुणीतरी घटपर्णीची वेल आणून दिली, ती तिने रंगवली. ते चित्र बघून एका नर्सरीने माणूस पाठवून वेल शोधून काढली, तर जात नवीच निघाली! तिला नाव दिलं नेपेंथिस नॉर्थियाना. तू जिथे जायचं नाही म्हणतेस, तिथलीच ही गोष्ट.

१८८२ मध्ये उघडलेल्या त्या गॅलरीत ८०० हून जास्त चित्रं आहेत, एकाला एक खेटून, भिंत दिसत नाही म्हणतात. खाली तिने आणलेल्या २४६ जातींच्या लाकडांच्या पट्ट्या. येणाऱ्यांना चहा मिळावा अशी तिची इच्छा होती, बागेचे संचालक हुकरसाहेब, त्यांनी नाही म्हटलं. मग तिने दारांवर चहा-कॉफीची झाडं रंगवून ठेवली. ती नीट बघ. आणि तिचा हिरवा मला पुस्तकात भडक वाटतो, प्रत्यक्षात तसाच आहे का ते कळव.

इमारतीचा आराखडा जेम्स फर्ग्युसनचा. आपल्या लेण्यांवर लिहिणारा, तोच. यावरून आठवलं. डिप्लोमाला असताना आमची अजिंठ्याची सहल निघाली, तेव्हा तुझी आजी आजारी होती. मी गेले नाही. "पुढच्या वर्षी जाऊ" म्हटलं. गेले ती छप्पन्नाव्या वर्षी, शाळेची पोरं घेऊन, आणि सगळा दिवस पोरं मोजण्यात गेला. पद्मपाणीसमोर दोन मिनिटंही उभी राहिले नाही. आजीने मला थांब म्हटलं नव्हतं गं. मीच थांबले, आणि पुढे कितीतरी वर्षं मनातल्या मनात तिच्यावर रागावत राहिले. तुझा तसला राग मला नको.

ऑपरेशनला मावशी येतेय, महिनाभर राहील. दिवसभर टीव्ही लावेल, तेवढं सोसेन.

कुंपणावर कळलावी फुललीय. काल बसले रंगवायला. पाकळ्या कालपर्यंत पिवळ्या होत्या, आज सकाळी बघते तर लाल व्हायला लागलेल्या. अर्धं चित्र पिवळं, अर्धं लाल झालंय, आणि या दमट हवेत तेलरंग काही वाळत नाही. वाळला की फोटो पाठवते. तोवर तू त्यांना होकार कळव.

तुझी,
आई