कार्ड मिळालं म्हणजे काम मिळालं, असं नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचा लेख वाचला. आवडला, फोटोही छान होते. फक्त एका परिच्छेदाशी अडखळले. नवा नट ऑडिशन देतो, निवडला जातो, त्याला युनियनचं कार्ड मिळतं आणि मग त्याला कामाची ददात राहत नाही, असा त्याचा सूर होता. मी नऊ वर्षं याच शहरात ऑडिशनच्या रांगेत उभी राहते आहे. माझ्याकडे कार्ड नाही. आणि गंमत म्हणजे ते घेणं आता माझ्या हातात असूनही मी घेतलेलं नाही. ते का, एवढंच सांगायचं आहे.

ही युनियन म्हणजे ॲक्टर्स इक्विटी असोसिएशन, इथल्या बोलण्यात नुसती 'इक्विटी'. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ११२ नटांनी ती काढली. त्याआधी तालमीचे पैसे नसत, कपडे बहुतेकांना पदरमोड करून घ्यावे लागत, आणि दौऱ्यावर नाटक पडलं तर कंपनी जिथे असेल तिथेच नटांना सोडून निर्माता मोकळा. १९१९ च्या ऑगस्टमध्ये नट संपावर गेले आणि महिनाभरात निर्मात्यांना त्यांच्याशी करार करावा लागला. आज पन्नास हजारांवर सभासद आहेत, त्यांत स्टेज मॅनेजरही आले. इक्विटीच्या तालमीत ५५ मिनिटांनंतर ५ मिनिटांची किंवा ८० मिनिटांनंतर १० मिनिटांची सुट्टी द्यावीच लागते. एकांकिकेच्या तालमीत रात्री जागवलेल्या माणसाला हे ऐकून आधी हसू येतं, मग हेवा वाटतो.

तेव्हा युनियनबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या दाराशी काय चालतं ते लेखात नव्हतं, म्हणून लिहिते.

इक्विटीच्या बऱ्याच करारांत निर्मात्याला खुली ऑडिशन ठेवावीच लागते. सभासद आधीपासून ऑनलाइन वेळ घेऊन ठेवतात. बिगरसभासदांना वेळ उरला तर बघतात. म्हणून आम्ही पहाटे पावणेपाचला आठव्या अव्हेन्यूवरच्या स्टुडिओच्या बंद दाराशी हजर. सगळ्यांत आधी आलेली मुलगी वहीचं पान फाडून यादी सुरू करते. ही 'अनधिकृत' यादी. ती मानायची की नाही हे नंतर येणाऱ्या मॉनिटरच्या, म्हणजे ऑडिशनची रांग सांभाळणाऱ्याच्या, मर्जीवर. जानेवारीत तिथे उभं राहून एकदा माझा नंबर सदतीस लागला होता, आणि मॉनिटरने आल्या आल्या नवी यादी करायला घेतली. सदतीसची मी बावन्न झाले.

दार उघडलं की बायकांच्या स्वच्छतागृहात झुंबड. केसांच्या इस्त्रीसाठी एकच प्लग, आरशापुढे तीन रांगा, आणि प्रत्येक जण तोंड मिटून आपापलं गाणं घोळवत असते. बाहेर मॉनिटर नावं पुकारतो. आधी वेळ घेतलेले सभासद, मग वेळ न घेता आलेले सभासद, त्यानंतर सभासदत्वाच्या वाटेवरचे उमेदवार सभासद, आणि शेवटी आम्ही. दुपारी चारला तो बाहेर येऊन म्हणतो, 'आज नॉन-इक्विटी बघणार नाहीत.' त्याच्या आवाजात वाईटपणा नसतो. रोजच सांगावं लागतं त्याला. काही वेळा सकाळीच सांगतात, तेव्हा उलट उपकार वाटतात, निदान दिवस तरी वाचतो.

आत जायला मिळालंच, तर संगीतिकेसाठी गाण्याचे सोळा बार. बार म्हणजे तालाचं एक आवर्तन, सोळांना मिनिटही लागत नाही. पियानोवाल्याला तुम्ही कधी पाहिलेलं नसतं, त्यानेही तुम्हाला नाही. त्याच्यापुढे फाइल उघडायची, कुठून सुरुवात, कुठे उडी, कुठे शेवट ते बोटाने दाखवायचं आणि पहिली ओळ हळू गुणगुणून लय द्यायची. पहिल्या वेळी मी चुटक्या वाजवून लय दिली. त्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे सोळाही बार मी त्यांचीच माफी मागत गायले. टेबलामागून 'थँक यू' आलं. माझा हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचा फोटो, त्यांनी ठेवून घेतला, यात मी दोन दिवस सुख मानलं. नंतर कळलं, सगळ्यांचेच ठेवून घेतात.

आता कार्डाचं. पूर्वीपासूनचा सरळ रस्ता म्हणजे निर्मात्याने तुम्हाला इक्विटीचा करार देणं. इक्विटीच्या ज्या बहीण-युनियन आहेत, म्हणजे चित्रपट-दूरचित्रवाणीतल्या नटांची वगैरे, त्यांच्या सभासदालाही अटी पाळून येता येतं. तिसरा रस्ता उमेदवारीचा. ठरावीक नाट्यगृहांत काम करायचं आणि आठवडे साठवायचे. आधी ५० लागत, आता २५ पुरतात. या रस्त्यावर मी माझ्या मूर्खपणाने ठेचकाळले. २०१८ च्या उन्हाळ्यात एका नाट्यगृहात दहा आठवडे काम केलं. भूमिका म्हणाल तर दोन वाक्यं आणि भरपूर खुर्च्या हलवणं. उमेदवारीचा अर्ज आणि शुल्क आधी भरलं तरच आठवडे मोजतात, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कार्यालयातल्या बाई ऑगस्टमध्ये म्हणाल्या, 'अगं, तू अर्ज भरलाच नाहीस?' दहाच्या दहा आठवडे पाण्यात. पुढे अर्ज भरून साठवलेले माझे आठवडे आज सतरा आहेत.

चौथा रस्ता २०२१ च्या जुलैत निघाला. इथे नट किंवा स्टेज मॅनेजर म्हणून पगारी काम केल्याचा पुरावा दाखवा आणि सभासद व्हा. 'कार्ड नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून कार्ड नाही' हा जुना फास त्यामुळे सुटला. माझ्याकडे असा पुरावा आहे. अठराशे डॉलरच्या आसपासचं प्रवेश शुल्क हप्त्यांनीही भरता येतं. मग अडलंय कुठे?

अडलंय असं, की कार्ड घेतलं की युनियनच्या परवानगीशिवाय बिगरयुनियन काम करता येत नाही. आणि माझं पोट आज त्यावरच चालतं. आम्ही चौघं एका व्हॅनमधून शाळांतून बालनाट्य करतो. सकाळी साडेसातला शाळेच्या जिममध्ये पोचायचं, आपणच सेट उभा करायचा, नऊला प्रयोग, दहाला सेट उतरवून पुढच्या शाळेला. काल माझ्या कोल्ह्याच्या शेपटीचा पट्टा तुटला, तो पुढच्या गावी जाताना व्हॅनमध्येच शिवला. कार्ड घेतलं तर हे काम उद्या बंद होईल, आणि ब्रॉडवेवर चार-चार नाटकं केलेल्या लोकांच्या रांगेत मी नव्याने उभी राहीन. शिवाय वार्षिक वर्गणी, आणि इक्विटीचं काम मिळालं की कमाईतला अडीच टक्के हिस्सा. आरोग्य विमा मिळतो तो कार्डावर नाही, करारावर भरलेल्या आठवड्यांवर. माझ्या एका मैत्रिणीने हा चौथा रस्ता निघताच कार्ड घेतलं आणि पुढचे चौदा महिने तिला एकही करार मिळाला नाही. खरं सांगायचं तर ती आता गादीत पडून फोनवर ऑडिशनची वेळ घेते आणि मी पावणेपाचला फुटपाथवर असते, तेव्हा कोण शहाणं याबद्दल माझं मत दर जानेवारीत बदलतं.

लेख वाचून कोणी मुलगा-मुलगी इकडे यायचं ठरवत असेल तर एक गोष्ट आधी कळायला हवी. युनियनचं कार्ड आणि इथे काम करण्याचा परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डाने व्हिसा मिळत नाही. कलावंताच्या व्हिसासाठी अर्ज केला तर उलट युनियनचं मत मागवलं जातं, पण ते पुढचं. आणि 'कार्ड काढून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. अर्ज थेट इक्विटीकडेच करायचा असतो, मध्ये कोणी लागत नाही.

माझे आठ आठवडे बाकी आहेत. पुढच्या उन्हाळ्यात ते भरले तर तेव्हा ठरवीन.

पत्र छापल्यास नाव छापू नये ही विनंती. मॉनिटर मराठी वाचत नाहीत, पण रांगेत हल्ली दोन-तीन जणी वाचणाऱ्या आहेत, आणि यादी त्याच करतात.

आपली,
एक वाचक
क्वीन्स, न्यूयॉर्क