लमाणी म्हणजे मीठ वाहणारे

संपादक महोदय,

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या फेरीवाल्यांचा विषय निघाला की आपल्याकडे ‘लमाणी’ हा शब्द हटकून येतो, आणि बहुतेक वेळा हिणवण्यासाठीच. कळंगुट-बाग्यात माळा, आरशांचं भरतकाम विकणाऱ्या बायकांना तर लोकांनी दुसरं नावच ठेवलेलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

बहुतेक अभ्यासक लमाण हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आल्याचं मानतात. आपलं लोणचंही त्याच लवणातलं. बैलांवर मीठ लादून नेणारा तो लमाण. घाटात गाडीचं चाक चालत नसे, म्हणून माल बैलाच्या पाठीवर. दोन्ही अंगांना सारखं वजन लोंबेल अशी गोणी आडवी टाकायची, मुक्कामाला उतरवायची आणि त्याच गोण्या रचून तांड्याभोवती भिंत उभी करायची. (इंग्रजांचा ‘गनी’ हा शब्द या गोणीवरूनच.) बैल वाटेत चरत जात, वैरण विकत घ्यावी लागत नसे. त्यामुळे चाल संथ, दिवसाला दहाएक किलोमीटर, पण वाहतूक स्वस्त. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला 1632 मध्ये धान्याने लादलेल्या 14,000 बैलांचा एकच तांडा भेटला होता. गोव्यात येऊन गेलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये तर या लोकांतला एक गट फक्त मीठच वाहतो, असं लिहून गेला आहे.

आपल्या मिठागरांचं मीठ याच लोकांनी घाटावर पोचवलं आणि परतताना धान्य खाली आणलं. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला, पुढच्या दशकात मुरगावहून रेल्वे घाट चढली आणि बैलांचं काम संपलं. भरीला ब्रिटिश हद्दीत अनेक बंजारा (म्हणजेच लमाण) गटांवर ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का बसला. हातचा धंदा गेलेल्यांना वर बदनामीही सोसावी लागली.

पर्यटकांच्या मागे लागणं, परवान्याशिवाय विक्री, याबद्दलच्या तक्रारी जरूर छापाव्यात. त्या रास्त आहेत. मात्र तिथे ‘फेरीवाले’ असं लिहावं. विनापरवाना विकणारा कुठल्याही जातीचा असू शकतो. मथळ्यात जमातीचं नाव घालणं आपल्या दैनिकाने थांबवावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, म्हापसा